तो सुटून येतोय, सुधारला असेल का?

दुपारची भांडी आवरून, नाहीतर कांदे काटता काटता तुम्ही रेडिओ लावला असेल. आजचा विषय लहान मुलांच्या कानांसाठी नाही. लेकरं जवळ असतील तर त्यांना जरा अंगणात खेळायला पाठवा. तुम्ही मात्र ऐका, आणि घरातल्या पुरुषमाणसांनाही बसवून ऐकवा.

मागच्या महिन्यात आपल्या एका श्रोत्या ताईंचा निरोप आला. गाव सांगत नाही, तालुकाही सांगत नाही. त्या म्हणाल्या, "माझा चुलत दीर शेजारच्या एका लहान मुलीच्या केसमध्ये दहा वर्षं आत होता. आता सुटून घरी येतोय. चुलत सासूबाई म्हणतात, तो पहिल्यासारखा राहिला नाही, गळ्यात माळ घातलीय, रोज हरिपाठ म्हणतो. आमची घरं शेजारी शेजारी, मधे नुसती भिंत. मला दोन मुली आहेत, एक सात वर्षांची, एक नऊची. टीव्हीवर ऐकलं की परदेशात अशा माणसांवर उपचार करतात, इंजेक्शन देतात. त्यानं माणूस खरंच सुधारतो का? की मी मुली घेऊन माहेरी जाऊ?"

मी समुपदेशनाचं काम करते. तरी या प्रश्नाचं उत्तर मला दोन ओळींत देता आलं नाही. म्हणून आजचा सगळा वेळ या ताईंसाठी.

आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. १३ जुलै २०१६ ला कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत पंधरा वर्षांच्या लेकीचं काय झालं, ते इथल्या कुठल्याही आईला सांगावं लागत नाही. २९ नोव्हेंबर २०१७ ला नगरच्या सत्र न्यायालयानं तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. पुढे २०१९ मध्ये पोक्सो कायदा आणखी कडक झाला. सोळा वर्षांच्या आतल्या मुलावर बलात्कार झाला तर कमीत कमी २० वर्षं, आणि अतिगंभीर प्रकारात फाशीसुद्धा. आपल्याला वाटतं, संपला विषय.

पण संपत नाही. याच कायद्यात वाईट हेतूनं मुलाच्या अंगाला हात लावल्याची शिक्षा ३ ते ५ वर्षं आहे, आणि तसं करणारा नात्यातला किंवा शिकवणारा असला तर ५ ते ७ वर्षं. म्हणजे शिक्षा झालेली पुष्कळ माणसं पस्तिशी-चाळिशीत बाहेर येतात. बाहेर येऊन जाणार कुठे? आपापल्या गावी, आपापल्या वस्तीवर. कोर्टाचं काम संपतं त्या दिवशी घरातल्या बाईची काळजी सुरू होते.

आता ताईंचा प्रश्न. उपचारानं सुधारतो का?

पहिली गोष्ट, तुरुंग म्हणजे उपचार नव्हे. तुरुंगात माणूस काम करतो, भजन करतो, योगासनं करतो, कुणी विपश्यना करतो. त्यानं मन शांत होत असेल, मी त्याला नावं ठेवत नाही. हरिपाठालाही नाव ठेवत नाही. पण लहान मुलाकडे वाकड्या नजरेनं बघायची सवय का लागली, ती कशी मोडायची, यावर नेमानं काम करणं ही वेगळी गोष्ट आहे. इंग्लंड-कॅनडासारख्या देशांत त्यासाठी तुरुंगात वेगळे कार्यक्रम वर्षानुवर्षं चालले. आपल्याकडे तसा कार्यक्रम सरसकट रुजलेला नाही. म्हणून "दहा वर्षं आत होता म्हणजे सुधारूनच आला असेल" हे गृहीत धरू नका.

दुसरी गोष्ट, पोक्सोत शिक्षा झालेले सगळे एका माळेचे मणी नसतात. सतरा वर्षांच्या मुलीबरोबर पळून गेलेला एकोणीस वर्षांचा पोरगा याच कायद्याखाली आत जातो. दारूच्या नशेत, संधी साधून हात टाकणारा असतो. घरातल्याच पोरीवर वर्षानुवर्षं अत्याचार करणारा असतो. आणि ज्याचं शरीरसुखाचं आकर्षणच लहान मुलांकडे आहे, असाही एक असतो. या सगळ्यांना एकच गोळी कशी लागू पडेल? म्हणून चांगला उपचार सुरू होतो तो तपासणीपासून. हा माणूस नेमका कोणता, आणि याच्यापासून धोका किती, हे आधी ठरवतात.

मग उपचारात करतात काय? मुख्य उपचार बोलण्याचा. आठवड्याला बैठका, कधी एकट्याच्या, कधी गटाच्या, महिनोन् महिने. या माणसांनी स्वतःला काही सबबी पटवून दिलेल्या असतात. "मी तर लाड करत होतो", "तिनं काही आरडाओरडा केला नाही", "लहान आहे, विसरून जाईल". या सबबी एकेक करून त्याच्यासमोर उघड्या पाडायच्या. गुन्ह्याच्या आधी काय काय झालं, ते त्याच्याच तोंडून काढायचं. दारू होती का? बायको माहेरी गेली होती का? मुलाला एकटं गाठायला त्यानं निमित्त काय शोधलं? मग त्या वाटेवर पुन्हा पाऊल पडायच्या आधीच थांबायचं कसं, हे शिकवायचं. दुसरा उपचार औषधांचा. पुरुषांच्या शरीरातलं संप्रेरक कमी करणारी इंजेक्शनं असतात, त्यानं वासना मंदावते. यालाच वर्तमानपत्रं रासायनिक नसबंदी म्हणतात.

आता परिणाम. इथे थोडे आकडे सांगते.

इंग्लंड आणि वेल्सच्या तुरुंगांत असा गटाचा कार्यक्रम अनेक वर्षं चालला. सरकारला त्याचा अभिमान होता. मग त्यांनी हिशेब मांडला. २००० ते २०१२ या काळात कार्यक्रम पूर्ण करणारे २,५६२ कैदी एका बाजूला, कार्यक्रम न केलेले १३,२१९ कैदी दुसऱ्या बाजूला. सुटल्यावर सरासरी आठ वर्षं माग काढला. कार्यक्रम न केलेल्यांत शंभरातल्या ८ जणांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला. आणि केलेल्यांत? शंभरात १०. उपयोग झाला नाहीच, उलट किंचित वाईटच. २०१७ मध्ये तो कार्यक्रम बंद करून दुसरे आणले गेले आणि हा अहवाल लोकांसमोर आला. असं का झालं याचे बरेच अंदाज बांधले गेले. एक असा, की गटात एकमेकांच्या कहाण्या ऐकून "माझ्यासारखे पुष्कळ आहेत" असं वाटायला लागतं.

मला या गोष्टीतलं एक आवडतं. शेवटी हा हिशेब लोकांसमोर आला. कार्यक्रम केला, प्रमाणपत्र दिलं, म्हणजे माणूस सुधारला, असं होत नाही हे त्यातून सगळ्या जगाला कळलं.

मग सगळे उपचार फुकट का? तसंही नाही. जर्मनीतल्या अभ्यासकांनी जगभरातल्या २९ तुलना एकत्र मांडल्या. लहान मुलांवरचे आणि मोठ्यांवरचे, दोन्ही प्रकारचे लैंगिक गुन्हे करणारे त्यात होते. उपचार झालेल्यांत पुन्हा गुन्हा करणारे १०.१ टक्के, उपचार न झालेल्यांत १३.७ टक्के. म्हणजे शंभर माणसांमागे तीन-चार जण कमी झाले. हा फरक लहान आहे. पण त्या तीन-चार जणांच्या हाती लागली असती ती लेकरं कुणाची तरी होती, म्हणून तो फुकट म्हणवत नाही. या मांडणीत आणखी एक दिसलं. तुरुंगाच्या आतल्या उपचारापेक्षा बाहेर, समाजात राहून घेतलेल्या उपचाराचा गुण जास्त आला. आणि ज्यांच्यापासून धोका जास्त, त्यांच्यात फरक जास्त पडला.

फक्त मुलांवरच्या गुन्ह्यांपुरतं बघितलं तर पुरावा आणखी तोकडा आहे. स्वीडनच्या करोलिन्स्का संस्थेतल्या तज्ज्ञांनी २०१३ मध्ये चौदाशेवर अभ्यास चाळले. भरवशाचे म्हणता येतील असे निघाले फक्त आठ. त्यावरून ते म्हणाले, मोठ्या माणसांच्या बाबतीत उपचारानं गुन्हा थांबतो असं छातीठोकपणे सांगायला पुरावा पुरेसा नाही.

इंजेक्शनचं काय? त्याच संस्थेनं २०२० मध्ये ५२ पुरुषांवरची चाचणी छापली. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना खोटं. दोन आठवड्यांतच औषध मिळालेल्यांचा धोका कमी झालेला दिसला. पण ती माणसं स्वतःहून मदत मागायला आली होती, शिक्षा म्हणून नव्हे. आणि औषध घेतो तोवर गुण, थांबवलं की वासना परत येते. दीर्घकाळ घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय चालत नाही. दक्षिण कोरिया, पोलंड, इंडोनेशिया या देशांनी त्याचे कायदे केले. आपल्याकडे दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीपुढे ही मागणी आली होती. समितीनं ती नाकारली. बलात्काराच्या मुळाशी नुसती वासना नसते, सत्ता गाजवण्याची वृत्ती असते, आणि ती इंजेक्शननं जात नाही.

आता एक आकडा असा सांगते, जो ऐकून काहींना राग येईल. सगळे पुन्हा गुन्हा करतात असं नाही. कॅनडातल्या अभ्यासकांनी ४,७२४ लैंगिक गुन्हेगारांची माहिती जमवली. सुटल्यानंतर १५ वर्षांत पुन्हा पकडले गेले किंवा दोषी ठरले ते सुमारे २४ टक्के. घरातल्याच मुलांवर अत्याचार करणाऱ्यांत १३ टक्के, बाहेरच्या मुलग्यांना लक्ष्य करणाऱ्यांत ३५ टक्के. म्हणजे आपल्या मुलग्यांनाही धोका आहे, हे विसरू नका. आणि हे नुसते पकडले गेलेले. लेकरू बोललंच नाही, घरच्यांनी दाबलं, गावानं मिटवलं, ते या आकड्यात नाहीत. म्हणून मी घरात बसून दिराकडे बोट दाखवून सांगू शकत नाही की हा करणार किंवा हा करणार नाही. कुणीच सांगू शकत नाही. मांत्रिक नाही, डॉक्टर नाही, त्याची आई तर नाहीच नाही.

तरी दोन गोष्टींत आशा जास्त दिसते.

पहिली गोष्ट, वय कोवळं असताना. अमेरिकेतल्या मिसूरीमध्ये लैंगिक गुन्हा केलेल्या ४८ किशोरवयीन मुलांचा अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीचं समुपदेशन, निम्म्यांबरोबर घर, शाळा, मित्र असं सगळीकडून काम. आईबापांना घरी जाऊन शिकवलं. सुमारे नऊ वर्षांनी बघितलं तर नेहमीच्या गटात ४६ टक्के मुलांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता, दुसऱ्या गटात फक्त ८ टक्के. संख्या लहान आहे, पण फरक बघा. म्हणून तुमच्या घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरानं लहान मुलाशी काही वावगं केलं, तर "पोरवय आहे" म्हणून झाकू नका, आणि मारून मारून घराबाहेरही काढू नका. तिथेच उपचाराला खरा गुण येतो.

दुसरी गोष्ट, माणसांचं कडं. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात १९९४ मध्ये मुलांवर अत्याचार केलेला एक माणूस शिक्षा संपवून आला. गाव भडकलं. तेव्हा तिथल्या एका पाद्रीबाबांनी चार-पाच साध्या माणसांना गोळा केलं. ती त्याला रोज भेटायची. घर मिळालं का, काम मिळालं का, विचारायची. आणि डोळ्यांत डोळे घालून हेही विचारायची, "आज कुठे गेला होतास? शाळेच्या रस्त्यानं का गेलास?" आधारही आणि जाबही. पुढे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं याची नीट चाचणी केली. ५० जणांभोवती असं कडं, ५० जणांभोवती नाही. कडं असलेल्यांना नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक होण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी झाला.

हे ऐकलं आणि मला वाटलं, हे आपल्याला अवघड का जावं? आपल्या वस्तीवर कोण कुठे गेलं, कुणाच्या घरी कोण आलं, हे सगळ्यांना कळतं. फक्त या एका बाबतीत आपण दोनच टोकं धरतो. एक तर "झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणून सगळं विसरतो, नाहीतर दगड मारून गावाबाहेर घालवतो. घालवलेला माणूस कुठेतरी जातोच, तिथे कुणाला काही माहीत नसतं. तिथल्या आईला सावध करायला कुणी नसतं. सरकारनं २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, पण ती पोलीस-तपास यंत्रणेसाठी आहे, तुम्हाला-मला बघता येत नाही.

पुण्यातही एक प्रयत्न झाला. केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रानं बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाबरोबर असा कार्यक्रम सुरू केला, की ज्याच्या मनात लहान मुलांबद्दल अशी वासना येते, त्यानं गुन्हा घडायच्या आधीच मदत घ्यावी. बर्लिनमध्ये हे २००५ पासून चालू आहे. तिथल्या परिणामाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. शिवाय जर्मनीत डॉक्टरला अशा माणसाचं गुपित ठेवता येतं. आपल्या पोक्सो कायद्यात घडलेला गुन्हा कळला की कळवावाच लागतो, डॉक्टरलाही. मला स्वतःला हा कायदा योग्य वाटतो. पण म्हणूनच मदत घ्यायची ती हात उचलायच्या आधी. ऐकणाऱ्या पुरुषांत असा कुणी असेल, तर ऐक बाबा. मनात आलेल्या विचाराला शिक्षा नसते, कृतीला असते. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता ताई, तुमचं उत्तर.

उपचारानं धोका थोडा कमी होऊ शकतो, संपत नाही. तुमच्या दिरावर उपचार झाल्याचं तुम्हाला कुणी सांगितलेलंही नाही. तेव्हा तो सुधारला का, हा प्रश्न बाजूला ठेवा. आपण व्यवस्था लावू. तो सुधारला असेल तरी ती चालेल, नसेल तरी मुली सुरक्षित राहतील.

तो येण्याआधी घरात बैठक बसवा. नवरा, सासरे, चुलत सासूबाई, सगळे. एकच नियम पक्का करा, तो कुठल्याही मुलासोबत एकटा राहणार नाही. पाच मिनिटंही नाही. दुकानात न्यायचं नाही, मोटारसायकलवर बसवायचं नाही, अभ्यास घ्यायचा नाही, मळ्यात पाणी द्यायला सोबत न्यायचं नाही. झोपायची आणि आंघोळीची जागा वेगळी. शक्य असेल तर त्यानंच दुसरीकडे राहावं. हा नियम त्याच्या तोंडावर सांगा, आणि बाईनं नव्हे, घरातल्या पुरुषांनी सांगावा. तो खरंच बदललेला असेल तर या नियमाचा त्याला राग येणार नाही, तो स्वतःच मुलांपासून लांब राहील. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणून भांडला, तर समजून घ्या.

त्याला काम मिळवून द्या, दारूपासून लांब ठेवा, आणि वस्तीतली दोन-तीन खमकी माणसं ठरवा, जी आठवड्याला त्याची विचारपूस करतील. जिल्हा रुग्णालयात मनोविकार तज्ज्ञाकडे न्या. मुलींना नाव घेऊन सांगा, "या काकांसोबत एकटं जायचं नाही. कुणीही अंगाला हात लावला आणि आईला सांगू नको म्हणाला, तर आधी आईलाच सांगायचं." पाथर्डी-शेवगावकडच्या मैत्रिणींनो, तुम्ही ऊसतोडीला जाता तेव्हा लेकरं नातेवाइकांकडे ठेवता. ती कुणाच्या घरात, कुणाच्या शेजारी झोपतात, हे विचारून जा. गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात, मुलांवरच्या बलात्कारांत शंभरातले नव्वदहून जास्त आरोपी ओळखीचेच असतात.

घरानं हे मान्य केलं नाही, तर ताई, खुशाल माहेरी जा. लोक काय म्हणतील याचा विचार करू नका.

आणि पुन्हा काही घडलं, तर पारावर मिटवायचं नाही. १०९८ किंवा ११२ वर फोन करा. माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलीला पोलीस ठाण्यात बसवून ठेवत नाहीत. महिला अधिकारी साध्या कपड्यात घरी येऊन जबाब घेतात.

शेवटचं. ताईंच्या निरोपात दिराचं होतं, सासूबाईंचं होतं, त्यांच्या मुलींचं होतं. पण दहा वर्षांपूर्वीची ती शेजारची मुलगी? ती आता सोळा-सतरा वर्षांची झाली असेल. हा माणूस उद्यापासून तिच्या दारावरून ये-जा करणार. तो सुधारला का, हे सगळे विचारतायत. तिला कसं वाटतंय, हे कुणी विचारलंय का? त्यानं तिच्या रस्त्यावर यायचं नाही, तिच्या घरासमोर बसायचं नाही, ही व्यवस्था सगळ्यात आधी करा. आणि ताई, आज संध्याकाळी जमलं तर भिंतीपलीकडच्या त्या घरी जा. तिच्या आईजवळ घटकाभर बसा.